वाचन 'रक्तात' असते का?

मूल तिसरी-चौथीत जाऊनही एकेक अक्षर लावत, अडखळत वाचत असेल, तर घरातले एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "याच्या बापाचेही असेच होते, हे यांच्या रक्तातच आहे." या वाक्यात दोन विधाने एकमेकांना चिकटून येतात. वाचनातली अडचण घराण्यात चालत येते, हे पहिले. आणि म्हणून तिच्यावर काही उपाय नाही, हे दुसरे. गेल्या सव्वाशे वर्षांतले संशोधन पहिल्या विधानाला बऱ्याच अंशी दुजोरा देते. दुसरे विधान मात्र पहिल्यातून निघत नाही. ते का निघत नाही, हे समजून घ्यायचे तर जनुके मेंदूत काय करतात आणि वाचन मेंदूकडून काय मागते, हे जरा सावकाशीने पाहावे लागते.

आधी काळाचा हिशेब. बोलणे ही माणसाची अतिप्राचीन सवय आहे. लिहिणे मात्र मेसोपोटेमियात सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि त्यानंतरही हजारो वर्षे ते मूठभर लोकांपुरतेच राहिले. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण अवघे १८.३३ टक्के होते. इतक्या थोड्या अवधीत, इतक्या थोड्या लोकांच्या वापरातून, खास वाचनासाठी घडलेले जनुक किंवा मेंदूचा खास अवयव उत्क्रांत होणे शक्य नाही. म्हणजे वाचनाच्या क्षमतेतील जो काही फरक वारशाने येतो, तो मुळात दुसऱ्याच कामांसाठी असलेल्या जनुकांमधून येत असणार. याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'आमच्या घराण्यात आधी कोणालाच असा त्रास नव्हता' असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा पणजीच्या हातात कधी पुस्तकच पडले नव्हते, हे लक्षात घेतलेले नसते. ज्या वारशाची परीक्षाच झाली नाही, त्याच्या निकालाविषयी काहीही म्हणता येत नाही.

वाचनाचा मेंदूशी असलेला संबंध पहिल्यांदा उघड झाला तो वाचन गमावलेल्या माणसांमुळे. १८८७ साली पॅरिसमधल्या एका सुशिक्षित, वयस्क व्यापाऱ्याला एक दिवस अचानक वाचता येईनासे झाले. त्याची नजर शाबूत होती, बोलणे शाबूत होते, एवढेच नव्हे तर त्याला लिहिताही येत होते. मात्र स्वतः लिहिलेली ओळ क्षणभराने त्यालाच वाचता येत नसे. अक्षरे त्याला दिसत, पण ती नुसती रेघांची चित्रे वाटत. अंक मात्र तो ओळखत असे. ज्यूल देजेरीन या चेताविकारतज्ज्ञाने त्याचा अभ्यास केला, आणि १८९२ मध्ये तो रुग्ण वारल्यावर त्याचा मेंदू तपासला. डाव्या अर्धगोलाच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागात आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या मागच्या टोकाला इजा झालेली होती. डोळ्यांनी टिपलेले अक्षर भाषेच्या केंद्रापर्यंत नेणारी वाट तुटली होती, असा अर्थ देजेरीनने लावला, आणि तो आजही बऱ्याच अंशी टिकून आहे.

मुळात वाचन जमलेच नाही, अशी उदाहरणे त्यानंतर काही वर्षांनी पुढे आली. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात सीफर्ड या गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख होता, खेळात मागे नव्हता, ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने झटपट आणि अचूक सोडवले होते. पण सात वर्षे शिकवूनही त्याला एकाक्षरी शब्दांपलीकडे धड वाचता येत नव्हते. स्वतःचे 'पर्सी' हे नावसुद्धा त्याने इंग्रजी अक्षरांची अदलाबदल होऊन 'प्रेसी' असे लिहिले. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे होते की सगळे शिक्षण तोंडीच असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. मॉर्गन यांनी या अडचणीला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. पुढे १९०७ मध्ये ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी एकाच घरातल्या चार भावांमध्ये हीच अडचण असल्याचे नोंदवले, आणि 'रक्तातच आहे' या म्हणण्याला वैद्यकीय कागदावर जागा मिळाली. आज या अडचणीला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. बुद्धी, दृष्टी, श्रवण आणि शिक्षणाची संधी पुरेशी असूनही शब्द ओळखणे आणि शुद्ध लिहिणे सतत जड जाणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ आहे. मोजणीची रेघ कुठे ओढायची यानुसार आकडा बदलतो, तरी साधारणपणे पाच ते दहा टक्के मुलांत ती आढळते असे मानले जाते.

आता वाचणाऱ्या मेंदूकडे वळू. वाचन शिकलेल्या माणसाच्या मेंदूत, डाव्या बाजूला, कानाच्या मागे तळाकडे एक लहानसा पट्टा असतो. लिखित शब्द दिसताच तो हटकून जागा होतो. लॉरेंट कोहेन, स्टॅनिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याचे जे वर्णन केले, त्यावरून त्याला आपण शब्दरूप क्षेत्र म्हणू. लिपी रोमन असो, चिनी असो की देवनागरी, हा पट्टा जवळपास त्याच जागी सापडतो. जन्मांध माणूस बोटांनी ब्रेल वाचतो, तेव्हाही याच भागात हालचाल दिसते. न वाचणाऱ्याच्या मेंदूत हीच जागा चेहरे, वस्तू, आकृत्या ओळखण्याच्या कामात असते. देहेन यांचे म्हणणे असे की वाचन शिकताना मेंदू नवी खोली बांधत नाही, जुन्या खोलीतले सामान हलवून तिथे बिऱ्हाड थाटतो. ही जागा का निवडली जाते, याचाही अंदाज आता येतो. अमेरिकेत काही मुलांच्या मेंदूची छायाचित्रे ती पाच वर्षांची असताना, म्हणजे वाचायला येण्यापूर्वी, आणि पुन्हा आठव्या वर्षी घेतली गेली. पाचव्या वर्षी त्या जागेचे मेंदूच्या इतर भागांशी जे तंतूंचे धागेदोरे होते, त्यांवरून आठव्या वर्षी शब्दरूप क्षेत्र नेमके कुठे तयार होईल हे सांगता आले. बिऱ्हाड नवे असले तरी रस्ता आधीपासून होता.

या संदर्भात भारतातला एक अभ्यास आवर्जून सांगण्याजोगा आहे, कारण त्यातली लिपी आपलीच आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरीत हिंदी वाचायला शिकवले गेले आणि शिकवण्यापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. मायकेल स्काइडे, उत्तम कुमार, रमेश मिश्र, फाल्क ह्युटिग आदींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात असे दिसले की सहा महिन्यांच्या शिक्षणाने मेंदूच्या बाह्य थरातच नव्हे, तर नजर वळवण्याशी संबंधित असलेल्या खोलवरच्या भागांच्या आपसांतील जोडणीतही फरक पडला होता. सहभागी थोडे होते, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण तिशीतली बाई सहा महिन्यांत वाचू लागते आणि तिच्या मेंदूत तो बदल मोजता येतो, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याच भागात पुढे झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने, वाचन शिकल्यामुळे चेहरे ओळखण्याची क्षमता कमी होते का, हा प्रश्नही तपासला आणि तसे काही नुकसान आढळले नाही.

डोळ्यांची बाजू अशी असली, तरी डिस्लेक्सियाची मुख्य गाठ बहुधा कानाच्या बाजूला असते. अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिस्लेक्सिया, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. आरशातल्यासारखी उलटी अक्षरे लिहिणे हे लिहायला शिकणाऱ्या जवळपास सर्वच मुलांच्या बाबतीत काही काळ घडते. झाडावरचे माकड डावीकडे तोंड करून बसले काय किंवा उजवीकडे, ते माकडच, हे मेंदूने फार पूर्वी शिकून ठेवले आहे आणि अक्षरांसाठी ही सवय मोडावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेकांना जड जाते ते बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे, ते मनात धरून ठेवणे आणि चिन्हाशी त्यांची पक्की गाठ मारणे. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल, असे विचारले की अशा मुलाचा गोंधळ होतो. गाण्याच्या भेंड्यांत शेवटचे अक्षर झटकन पकडणारी मुले नकळत हेच कौशल्य वापरत असतात. अर्थात ही ध्वनींची जाण पूर्णपणे जन्मजात नसते. पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचा एकच ध्वनी काढणे किंवा जोडणे जमत नव्हते आणि मोठेपणी साक्षर झालेल्यांना ते जमत होते, हे १९७९ मध्येच दिसून आले होते. ध्वनींची जाण वाचनाला मदत करते आणि वाचन त्या जाणिवेला धार लावते.

मग जनुकांचा या सगळ्याशी संबंध कुठे येतो? १९७९ पासून बोस्टनमध्ये आल्बर्ट गॅलाबुर्डा आणि त्यांचे सहकारी डिस्लेक्सिया असलेल्या मृत व्यक्तींचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्यांना डाव्या बाजूच्या भाषेशी संबंधित भागांत चेतापेशींचे बारीक पुंजके भलत्याच थरात जाऊन बसलेले दिसले. गर्भाच्या मेंदूत चेतापेशी आतल्या बाजूला जन्मतात आणि आपापल्या जागेपर्यंत प्रवास करत जातात. हे पुंजके म्हणजे वाट चुकलेले प्रवासी होते. मेंदू तपासले होते मोजके, पण कल्पना आकर्षक होती. त्यानंतर गुणसूत्रांवरचा शोध सुरू झाला. १९८३ मध्ये पंधराव्या आणि १९९४ मध्ये सहाव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले गेले, २००३ मध्ये फिनलंडमधील एका कुटुंबातून पहिले ठोस नाव पुढे आले, आणि त्यापाठोपाठ तीन-चार जनुके गाजली. उंदरांच्या गर्भात ही जनुके दाबली, तर चेतापेशींचा प्रवास खरोखरच अडखळतो, असेही प्रयोगांत दिसले. गोष्ट जुळून आल्यासारखी वाटत होती: जनुक बिघडले, पेशी वाट चुकली, वाचन अडले. वर्तमानपत्रांनी 'डिस्लेक्सियाचे जनुक सापडले' असे मथळे दिले, ते याच काळात.

एवढी सुबक गोष्ट टिकली नाही, आणि ती का टिकली नाही हे मला या विषयातले सर्वांत शिकण्याजोगे प्रकरण वाटते. २०२२ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात एक प्रचंड मोठा अभ्यास आला. ट्वेंटीथ्री अँड मी या खासगी कंपनीकडे डीएनए दिलेल्या, युरोपीय वंशाच्या ५१,८०० जणांनी आपल्याला डिस्लेक्सियाचे निदान झाल्याचे सांगितले होते. त्यांची तुलना तसे निदान न झालेल्या सुमारे १०,८७,००० लोकांशी करण्यात आली. जनुकसंचातल्या ४२ जागा डिस्लेक्सियाशी निश्चितपणे निगडित ठरल्या. त्यांपैकी १५ जागा आधीच्या अभ्यासांत बुद्धिमत्ता किंवा शिक्षणाच्या संबंधात आढळलेल्या होत्या, बाकीच्या २७ नव्या होत्या, आणि पूर्वी गाजलेली नावे या पहिल्या पंगतीत नव्हती. प्रत्येक जागेचा परिणाम मात्र अगदी किंचित. या सगळ्या रूपभेदांची, म्हणजे माणसामाणसांत डीएनए किंचित वेगळा असतो अशा जागांची, बेरीज करून एखाद्याचा 'गुणांक' काढला, तर इतर गटांतल्या लोकांच्या वाचनातील फरकाचा जास्तीत जास्त सहा टक्के भाग त्यावरून सांगता येतो. रुग्णालयात रक्त देऊन मुलाला वाचता येईल की नाही हे कळावे, अशी अपेक्षा कोणी बाळगत असेल, तर हा सहा टक्क्यांचा आकडा त्याने लक्षात ठेवावा.

जनुकांकडून मेंदूच्या रचनेकडे जाणारी वाटही सरळ निघाली नाही. याच अभ्यासात डिस्लेक्सियाशी निगडित जनुकीय रूपभेद आणि भाषेशी संबंधित मेंदूच्या भागांची मापे यांच्यात सामाईक धागा सापडला नाही. धागा सापडला तो दोन्ही हात सारख्या सफाईने वापरण्याच्या गुणाशी आणि अवधानाच्या अडचणींशी. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे ३४,००० जणांची प्रत्यक्ष वाचनचाचणी घेतली गेली होती. त्यात वाचनाशी निगडित रूपभेद आणि डाव्या कानशिलामागील एका खाचेच्या काठांवरील मेंदूच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ यांच्यात मात्र संबंध दिसला. एका ठिकाणी नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे, यात फारसा विरोध नाही, कारण पहिल्यात लोकांनी स्वतःविषयी दिलेली माहिती होती आणि दुसऱ्यात मोजलेले गुण. दुसऱ्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: हा वारसा विशेषेकरून गर्भावस्थेतील मेंदूत जनुकांची कळ चालू-बंद करणाऱ्या भागांत एकवटलेला आहे. गॅलाबुर्डांचे तपशील मागे पडले असले, तरी मुळाची वेळ गर्भातली आहे हा त्यांचा रोख पूर्णपणे फसला, असे म्हणता येणार नाही.

आता ज्या आकड्यामुळे सर्वाधिक गैरसमज होतो, त्याच्याकडे येतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असे सांगितले जाते की वाचनक्षमतेची आनुवंशिकता चाळीस ते सत्तर टक्के, कधी त्याहूनही अधिक असते. हे काढतात कसे? एकयुग्मज, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा जनुकसंच जवळपास एकच असतो. द्वियुग्मज जुळी मात्र इतर भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. पहिल्या प्रकारची जुळी वाचनात एकमेकांशी दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जितकी जास्त जुळतात, त्यावरून जनुकांचा वाटा काढला जातो. पण हा वाटा एका मुलाच्या वाचनातला नसतो. तो त्या गटातील मुलांमुलांमधल्या फरकाचा असतो. साठ टक्के म्हणजे तुमच्या मुलाचे साठ टक्के वाचन जनुकांनी ठरवले आणि चाळीस टक्के तुमच्या हाती उरले, असा त्याचा अर्थ नाही.

हे नीट कळते ते अमेरिकेतील कोलोरॅडो, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि नॉर्वे-स्वीडन अशा तीन ठिकाणच्या जुळ्यांच्या अभ्यासातून. ऑस्ट्रेलियातील मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षीच पूर्णवेळ शाळेत ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार वाचन शिकवले जात होते. स्कँडिनेव्हियात त्या वयाची मुले बालवाडीत खेळत होती. तिथे अक्षरे शिकवण्याची पद्धतच नव्हती, ज्याच्या घरी शिकवले त्याला थोडे येत होते. त्या वर्षाच्या शेवटी वाचनातील फरकांमध्ये जनुकांचा वाटा ऑस्ट्रेलियात खूप मोठा निघाला, स्कँडिनेव्हियात साधारण एकतृतीयांश. वर्षभराने स्कँडिनेव्हियातल्या मुलांनाही सगळ्यांना सारखे शिकवले जाऊ लागले, आणि तिथलाही वाटा वाढून इतरांच्या बरोबरीला आला. मुलांची जनुके तीच होती. शिकवणे सगळ्यांना सारखे मिळू लागताच शिकवण्यातून येणारा फरक कमी झाला, आणि उरलेला फरक जनुकांच्या खात्यावर जमा झाला. फ्लोरिडातील जुळ्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात हेच दुसऱ्या बाजूने दिसले: वर्गशिक्षक चांगले होते तिथे जनुकीय फरक ठळकपणे उमटले, आणि शिकवणे निकृष्ट होते तिथे ते दबून गेले. म्हणजे आनुवंशिकतेचा मोठा आकडा हा काही अंशी सर्वांना सारखी शाळा मिळाल्याचा दाखला असतो. ज्या जिल्ह्यात एका वर्गात शिक्षक रोज आहे आणि शेजारच्या गावात एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, तिथे युरोपातला आकडा उचलून लावणे चूक ठरेल.

याला जोडूनच एक छोटी कोपरखळी. ज्या घरांत पुस्तकांची कपाटे असतात तिथली मुले चांगली वाचतात, हे खरे. पण ती कपाटे ज्यांनी भरली त्या आईवडिलांनीच मुलांना जनुकेही दिलेली असतात. कपाट विकत आणून हा गुण विकत घेता येत नाही.

मेंदूच्या रचनेबाबतही असाच, कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा पेच आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूतला करडा भाग, म्हणजे चेतापेशींचा थर, काही ठिकाणी कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. पण जे मूल कमी वाचते, त्याच्या मेंदूला वाचनाचा व्यायामही कमी मिळतो. जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा मुलांची तुलना समवयस्कांबरोबरच, त्यांच्याइतकेच वाचता येणाऱ्या लहान मुलांशीही केली. दुसऱ्या तुलनेत बहुतेक फरक नाहीसे झाले; म्हणजे ते डिस्लेक्सियाचे मूळ नव्हते, कमी वाचनाची खूण होती. म्हणूनच वाचन सुरू होण्याआधीचे मेंदू पाहणे महत्त्वाचे ठरते. बोस्टनमध्ये, आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला तरी डिस्लेक्सिया आहे अशा तान्ह्या बाळांचे झोपेत एमआरआय काढले गेले. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या भागांना जोडणारा कमानीसारखा तंतूंचा जो जुडगा डाव्या बाजूला असतो, तो अशा बाळांत सरासरीने थोडा वेगळा आढळला. फिनलंडमधल्या युव्हॅस्क्युला येथे तर सुमारे दोनशे मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. त्यांतील निम्म्यांच्या घरात डिस्लेक्सिया होता. जन्मानंतर काही दिवसांतच बोलण्याच्या ध्वनींना मेंदूने दिलेल्या विद्युत प्रतिसादाचा संबंध पुढच्या भाषेशी आणि वाचनाशी लागत होता.

लिपी आणि भाषा या वारशाला निरनिराळे रूप देतात. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज विद्यार्थ्यांची तुलना झाली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत वाचताना डाव्या बाजूच्या त्याच भागात हालचाल कमी दिसली. तरी इटालियन विद्यार्थी इतरांपेक्षा कितीतरी अचूक वाचत होते, कारण इटालियनमध्ये जसे लिहितात तसे वाचतात. तिथे ही अडचण चुकांपेक्षा संथपणातून दिसते. मराठीही बऱ्याच अंशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. अपवाद असलेच, तर दुनिया या अर्थाचे 'जग' आणि 'जगणे'मधले 'जग' यांचा 'ज' वेगळा, यांसारखे. त्यामुळे अचूक पण फार सावकाश वाचणाऱ्या मराठी मुलाची अडचण नजरेआड राहू शकते. आपल्या लिपीचे ओझे दुसरीकडे आहे. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेहून अधिक अक्षररूपे होतात, त्यावर जोडाक्षरे वेगळीच. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, आणि ही उलटापालट वाचकाला वेळ खायला लावते, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर २००२ मध्ये दाखवून दिले. आणि एकटा 'र' बघा: प्रकार, ट्रक, दर्या, दऱ्या. रोमन लिपीचे मूल सव्वीस चिन्हे एका वर्षात पाठ करते. सोनाली नाग यांच्या कन्नडवरील अभ्यासातून दिसते की अक्षरे पूर्णपणे हाताखाली यायला आपल्याकडील लिप्यांत चौथीपर्यंतचा, कधी त्यापुढचाही काळ लागतो. दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर अडले म्हणून लगेच डिस्लेक्सियाचा शिक्का मारू नये, याचे हे कारण.

म्हणूनच तपासणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हायला हवी. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून ती होत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी 'डाली' हा चाचणीसंच तयार झाला, आणि हिंदी, कन्नड, इंग्रजी यांच्याबरोबर तो मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) समावेश झाला असल्याने अशा निदानाला कायद्याचे पाठबळही आहे.

शिकवण्याने रचना बदलते का, या प्रश्नाचे उत्तर लहान मुलांतही होकारार्थी आहे. अमेरिकेत २००९ मध्ये, कच्चे वाचन असलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना सुमारे शंभर तास खास शिकवणी दिल्यावर त्यांच्या मेंदूतील पांढऱ्या भागात, म्हणजे तंतूंच्या जुडग्यांत, सुधारणा मोजता आली; २०१८ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये आठ आठवड्यांच्या सघन प्रशिक्षणातही असाच बदल दिसला. या शिकवणीत चमत्कारिक असे काही नव्हते. ध्वनी सुटे करणे, तो अक्षराशी जोडणे, आणि हे पुन्हा पुन्हा, क्रमाने, घाई न करता करणे, एवढेच तिचे स्वरूप असते. अशा मुलाला ते इतरांपेक्षा अधिक तास लागते, आणि वारशाचा प्रत्यक्ष अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

'रक्तात आहे' या वाक्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. आईवडिलांपैकी एकाला डिस्लेक्सिया असेल, तर मुलाला तो असण्याची शक्यता निरनिराळ्या अभ्यासांच्या सरासरीने सुमारे ४५ टक्के निघते. जनुकीय गुणांकाच्या मानाने ही माहिती कितीतरी दणकट आहे, आणि तिच्यासाठी रक्त काढावे लागत नाही. बालवाडीच्या प्रवेश-अर्जात लसीकरणाची तारीख विचारतात, तशी 'घरात कोणाला लहानपणी वाचायला जड गेले होते का' अशी एक ओळ असती, तर चौथीत कळणारी गोष्ट चौथ्या वर्षी कळू शकली असती. त्या ओळीपुढे खरे उत्तर मिळवायचे, तर ते बापाला विचारण्याऐवजी आजीला विचारलेले बरे.